तिरकमठ्याचा नेम

आज इतिहासातला एक विषय घेतला आहे. तो आहे शिकारीचा तिरकमठा आणि त्यावर नेम धरायला माणसं कशी शिकली याचा. तुम्ही म्हणाल, शिकार तर आता बंद आहे, मग हे कशाला? थोडं ऐका. गटातल्या आपल्या पोरींचा याच्याशी संबंध आहे.

नेमाची गोष्ट निघाली की सगळ्यांना अर्जुन आठवतो. झाडावरचा पक्षी आणि त्याचा डोळा. शाळेत ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. महाभारतात ती थोडी वेगळी आहे. द्रोणाचार्यांनी कारागिरांकडून एक भास पक्षी बनवून घेतला आणि झाडाच्या शेंड्यावर बसवला. म्हणजे पक्षी खोटा होता. त्यांनी एकेकाला विचारलं, तुला काय दिसतं? युधिष्ठिर म्हणाला, मला झाड दिसतं, तुम्ही दिसता, माझे भाऊ दिसतात आणि पक्षीही दिसतो. गुरुजींनी त्याला बाजूला केलं. अर्जुनाला फक्त पक्ष्याचं डोकं दिसत होतं, बाकी अंगसुद्धा दिसत नव्हतं. तो पास झाला.

मला मात्र युधिष्ठिराची बाजू घ्यावीशी वाटते. रानात खऱ्या शिकारीला गेलेला माणूस पहिल्यांदा युधिष्ठिरासारखंच बघतो. वारा कुठून वाहतो आहे, आपला वास जनावराकडे जातो की आपल्याकडे त्याचा येतो, पायाखाली वाळला पाला आहे का, मध्ये कुठली फांदी आडवी येते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपले सोबती कुठे उभे आहेत. हे ज्याला दिसत नाही त्याचा बाण एखाद्या दिवशी भावालाच लागायचा. सगळं बघून झालं की मग शेवटच्या क्षणाला नजर बारीक करायची. ते काम अर्जुनाचं. आपण चुलीपुढे बसून दूध, पोर, दार आणि तव्यावरची भाकरी एकाच वेळी बघतो आणि भाकरी उलटताना मात्र बोटं फक्त भाकरीवर असतात, तसंच ते आहे.

त्याच महाभारतात अर्जुनाची दुसरी एक गोष्ट आहे, ती फार कमी लोक सांगतात. एकदा रात्री तो जेवत असताना वाऱ्यानं दिवा विझला. अंधार झाला तरी हात ताटातून तोंडाकडे बरोबर जात होता. त्याच्या लक्षात आलं की ही सवयीची करामत आहे, आणि तेव्हापासून तो रात्रीच्या अंधारात धनुष्याचा सराव करू लागला. मला ही गोष्ट पक्ष्याच्या गोष्टीपेक्षा खरी वाटते. नेम म्हणजे डोळ्याची देणगी असं आपण समजतो, पण त्यातलं निम्मं काम हाताच्या सवयीचं असतं.

आता आपल्या सातपुड्याकडे येऊ. नंदुरबार, धुळे, जळगावचा डोंगरपट्टा आणि पलीकडे मध्य प्रदेशातले बडवानी, अलिराजपूर, झाबुआ, राजस्थानचा दक्षिण भाग, गुजरातचा पूर्व भाग. हा सगळा भिल्लांचा मुलूख. भिल्ल या नावाचा अर्थच धनुष्याशी जोडला जातो. दक्षिणेतल्या भाषांत धनुष्याला विल्, बिल्लु म्हणतात, त्यावरून हे नाव आलं असं बरेच अभ्यासक मानतात.

या लोकांचा कामठा बांबूचा. आणि त्याची दोरीसुद्धा बांबूचीच, चिरून काढलेल्या चिवट कामटीची. म्हणजे एका बांबूच्या बेटातून जवळजवळ अख्खं हत्यार तयार व्हायचं. बाणाची काडी सरळ हवी, मागे पिसं बांधलेली आणि पुढे लोखंडी पातं. मोठ्या जनावराला रुंद धारदार पातं, आणि पाखरासाठी बोथट, लाकडी गोळ्यासारखं टोक. बोथट टोकाच्या माऱ्यानं पाखरू खाली पडतं, बाणही फांदीत रुतून बसत नाही आणि पुन्हा वापरता येतो. काटकसर बघा कशी आहे ती.

या कामठ्याला नेम धरायला काही खूण नसते. बंदुकीला असते तशी माशी नाही, काच नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून जिथं मारायचं तिथं बघायचं आणि हात आपोआप उचलला जातो. आपण विहिरीत बादली सोडतो तेव्हा हाताला दोराचा अंदाज असतो, तो मोजून सांगता येत नाही. पण त्या अंदाजात गणित किती आहे ते बघू या. साध्या बांबूच्या धनुष्यातून सुटलेला बाण एका सेकंदात अंदाजे ४० मीटर जातो असं धरू. म्हणजे २० मीटरवरच्या जनावरापर्यंत पोचायला त्याला अर्धा सेकंद लागतो. त्या अर्ध्या सेकंदात बाण आपल्या सरळ रेषेपासून सव्वा मीटरच्या आसपास खाली येतो. सव्वा मीटर म्हणजे आपल्या छातीपर्यंतची उंची! तेवढं वर धरून मारावं लागतं. ३० मीटरवर तर हा फरक अडीच मीटरपेक्षा जास्त होतो. आणि दोरीचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी जनावराच्या कानावर पडतो. ते दचकून उडी मारतं.

म्हणून जुन्या शिकाऱ्याचा सगळा भर जवळ जाण्यावर असे. लांबून मारायची फुशारकी साहेबाच्या बंदुकीला परवडणारी होती. कामठेवाला तासन् तास पाणवठ्याजवळ बसे, वाऱ्याच्या उलट्या बाजूनं सरपटत जाई. कळप समोर आला की त्यातलं एकच जनावर निवडायचं, आणि त्या जनावराच्या अंगावरची एकच जागा निवडायची, पुढच्या पायामागची. नुसता कळपावर सोडलेला बाण बहुतेक वेळा मोकळ्या जागेतून निघून जातो. बरं, बाण लागला म्हणजे काम झालं असंही नाही. बाणानं जनावर जागेवर पडत नाही, ते पळतं. मग रक्ताचा थेंब, मोडलेलं गवत, खुराची खूण बघत माग काढत जायचं. नेमाचं काम तिथपर्यंत चालू असायचं.

हे सगळं शिकवायला शाळा नव्हती. पोराच्या हातात त्याच्या उंचीच्या बेताचा छोटा कामठा यायचा आणि तो सरडे, चिमण्या, फळं यांच्यावर मारत सुटायचा. शंभर वेळा चुकायचा आणि त्या शंभर चुकलेल्या काड्या स्वतःच शोधून आणायचा. माझ्या मते सरावातला सगळ्यात कडक गुरू हाच, की सुटलेला बाण आपल्यालाच हुडकून आणावा लागतो. झारखंड, ओडिशा आणि बंगालमधल्या संथाळ लोकांत तर संक्रांतीच्या सुमारास बेझा नावाचा खेळ असतो. गावाबाहेर केळीचा खुंट उभा करतात आणि गावातले पुरुष लांबून त्याच्यावर बाण मारतात. ज्याचा नेम लागतो त्याला खांद्यावर बसवून गावात आणतात. सणाचा सण आणि वर्षभराच्या सरावाची परीक्षा.

आता एकलव्याकडे यावंच लागेल, कारण भिल्ल, निषाद, कोळी अशा कितीतरी समाजांना तो आपला वाटतो. निषादांच्या राजाचा मुलगा. जातीकडे बघून द्रोणांनी त्याला शिकवायचं नाकारलं. त्यानं मातीचा पुतळा केला आणि रानात एकट्यानं सराव केला. भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड त्यानं सात बाणांनी बंद केलं, तेव्हा पांडवांना कळलं की रानात आपल्यापेक्षा कुणीतरी पुढे गेलं आहे. मग गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा गेला. महाभारत पुढे सांगतं की त्यानंतर तो बोटांनी बाण मारू लागला, पण पहिल्यासारखी चपळाई राहिली नाही.

आजही भिल्ल मुलखात सांगतात की आम्ही बाण ओढताना अंगठा लावत नाही, एकलव्याचा मान म्हणून. पहिल्या दोन बोटांत बाण धरून दोरी ओढायची. जगात दोरी ओढायच्या दोन मोठ्या पद्धती आहेत. तुर्क, मंगोल आणि त्यांच्यामागून आलेले मुघल अंगठ्यानं दोरी ओढत. त्यासाठी अंगठ्यात दगडाची किंवा हाडाची अंगठी घालत. शाहजहान बादशहाची अशी एक हिरव्या दगडाची अंगठी लंडनच्या संग्रहालयात आहे. दुसरी पद्धत बोटांची. आज ऑलिंपिकमध्ये जे धनुष्य वापरतात त्याची दोरी तीन बोटांनी ओढतात, अंगठा बाजूला दुमडून ठेवतात. द्रोणांनी जे मागून घेतलं त्याची आजच्या मोठ्यात मोठ्या स्पर्धेत गरजच पडत नाही. कथेचा न्याय असा उशिरा आणि आडवाटेनं लागतो.

मग ही एवढी विद्या गेली कुठे? ती पोरांच्या आळसानं गेली नाही, हे पहिल्यांदा सांगते.

पेशवाई संपल्यावर १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती आला. डोंगरातले भिल्ल त्यांना जुमानत नव्हते. १८२५ साली जेम्स आउट्रॅम नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं भिल्लांची पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला होतं. त्यानं भिल्लांचा विश्वास कसा मिळवला? त्यांच्याबरोबर शिकारीला जाऊन. पुढच्या नऊ-दहा वर्षांत त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी खानदेशात शेकड्यानं वाघ मारले. वाघाचा माग कुणी काढला असेल, झाडीतून हाका कुणी घातला असेल, हे वेगळं सांगायला नको. वाघाच्या कातड्यावर नाव मात्र साहेबाचं.

१८५७-५८ साली खाज्या नाईक, भीमा नाईक यांच्या मागं भिल्ल उठले. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यातल्या अंबापाणी इथं मोठी लढाई झाली. एका बाजूला बंदुका, दुसऱ्या बाजूला काही बंदुका आणि बरेचसे तिरकमठे. भिल्ल हरले, पुष्कळ मारले गेले आणि कितीतरी बायका-पोरांना कैद करून नेलं. या बायकांची नावं मात्र आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात मिळत नाहीत.

तिरकमठ्यावर खरा घाव पडला तो लढाईपेक्षा कागदानं. १८६५ साली जंगलाचा पहिला कायदा झाला, १८७८ साली त्याहून कडक, आणि १९२७ चा कायदा तर अजून चालू आहे. जंगल राखीव झालं. राखीव जंगलात लाकूड तोडणं, गुरं चारणं, शिकार करणं या गोष्टी नियमात बसल्या तरच करायच्या, नाहीतर गुन्हा. साहेबाला आणि संस्थानिकाला परवाना मिळे, मचाण बांधून मिळे. ज्याच्या घरात त्या सशावर रात्रीची चूल पेटायची त्याला नाकेदाराला चुकवून जावं लागे. एकाच रानात एकाची शिकार हौस झाली आणि दुसऱ्याची चोरी.

स्वातंत्र्यानंतर १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि पुढे शिकार देशभर बंद झाली. अंदमान-निकोबारच्या आदिवासींना तेवढी त्यातून सूट आहे. २००६ चा वनहक्क कायदा आपल्या बऱ्याच गटांना माहीत आहे, त्यावरच्या नवरा-बायकोच्या जोड नावांसाठी आपण फॉर्म भरले आहेत. मोह, तेंदू, मध, मासे यांवरचे हक्क त्यात आहेत. पण त्यातही स्पष्ट लिहिलं आहे की शिकारीचा आणि फासे लावण्याचा हक्क या कायद्यात येत नाही. मी स्वतः म्हणेन की हे योग्यच आहे. रानात आता मारण्यासारखं उरलंय काय? ससा मारला तरी गुन्हा होतो, हे आपल्या घरातल्या पोरांना सांगून ठेवा. फक्त रान रिकामं कुणी केलं, याचा हिशेब करताना तिरकमठेवाल्याच्या नावावर सगळी बाकी टाकू नये, एवढंच माझं म्हणणं.

आता आपला विषय. या सगळ्यात बाई कुठे होती?

बऱ्याच ठिकाणी तिला कामठ्याला हात लावू दिला जात नव्हता. संथाळ समाजात बाईनं नांगर धरू नये, छप्पर शाकारू नये आणि धनुष्यानं बाण मारू नये असा रिवाज अभ्यासकांनी लिहून ठेवला आहे. नांगराचं तर आपल्याकडेही वेगळं काही नव्हतं. पेरणीला बाई चालते, खुरपायला चालते, कापणीला चालते, आणि नांगराला हात लावला की पाऊस रुसतो! यातली गंमत तुमच्या लक्षात आली असेल. ज्या अवजारानं मालकी कळते तेच नेमकं विटाळतं.

पण इतिहासात बाईच्या हातात धनुष्य नव्हतंच असं म्हणाल तर ते खोटं आहे. गोंडवनाची राणी दुर्गावती घ्या. नवरा दलपतशाह वारल्यावर लहान मुलाच्या नावानं तिनं गढा राज्याचा कारभार चालवला. तिच्याबद्दल लिहिणारा माणूस तिच्या बाजूचा नव्हता. अकबराच्या दरबारातला अबुल फजल. त्यानं अकबरनाम्यात लिहिलं आहे की ती बंदूक आणि बाण दोन्हींत तरबेज होती, सतत शिकारीला जायची आणि वाघ आल्याचं कळलं की त्याला मारल्याशिवाय पाणी पीत नसे. शत्रूच्या लेखणीतून आलेलं कौतुक आहे, म्हणून मी ते जास्त खरं धरते. १५६४ साली अकबराचा सरदार आसफखान चालून आला तेव्हा ती हत्तीवर बसून लढली. एक बाण कानशिलात लागला तो तिनं उपटून टाकला, दुसरा मानेत लागला. पकडलं जाण्यापेक्षा तिनं स्वतःच आपला शेवट केला.

राणीचं एक असतं, तिला कोण अडवणार? साध्या बायकांची गोष्ट झारखंडमधल्या उरांव लोकांत आहे, ज्यांना कुडुख असंही म्हणतात. तिथं दर बारा वर्षांनी जनी शिकार होते. जनी म्हणजे बायका. त्या वर्षी बायका पुरुषांचे कपडे घालतात, पागोटं बांधतात, हातात धनुष्यबाण, काठ्या, कुऱ्हाडी घेतात आणि शिकारीला निघतात. पुरुष घरी थांबतात. हे का, तर त्यामागे एक आठवण सांगतात. फार पूर्वी हे लोक बिहारमधल्या रोहतासगडावर राहत. सरहुलच्या सणात पुरुष दारू पिऊन पडले असताना शत्रूनं हल्ला केला. तेव्हा सिनगी दई आणि कैली दई या दोघींनी बायकांना पुरुषांचे कपडे चढवले आणि त्यांना घेऊन लढल्या. तीनदा शत्रूला मागं फिरवलं. उरांव बायकांच्या कपाळावर गोंदलेल्या तीन रेघा या त्या तीन विजयांच्या आहेत असं तिथं मानतात.

यात लिखित पुरावा किती आणि लोकांची आठवण किती, हा वाद इतिहासकारांना करू दे. मला त्यातली एक गोष्ट पकडून ठेवावीशी वाटते. ऐन वेळेला ज्या बायका धनुष्य घेऊन उभ्या राहिल्या, त्यांना बाण सोडता येत होता. पुरुषाचा कपडा एका घटकेत चढवता येतो, नेम घटकेत येत नाही. म्हणजे कुठंतरी, कुणाच्या नकळत का होईना, सराव चालू असणार. आजकाल जनी शिकारीत रानातलं जनावर मारत नाहीत. बायका टोळीनं गावोगाव फिरतात आणि तिथल्या कोंबड्या-बकऱ्या धरतात, गावकरी ते चालवून घेतात.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे बाईच्या हातात गोफण होती. ज्वारी दुधात आली की भोरड्या आणि चिमण्यांचे थवे उतरतात. शेतात चार खांबांवर माळा बांधायचा आणि त्यावर राखणीला कोण? बहुतेक वेळा घरातली पोर नाहीतर म्हातारी. गोफणीत गुंडा ठेवायचा, डोक्यावर फिरवायची आणि नेमक्या क्षणी एक दोर सोडायचा. पाव क्षण आधी सुटला तर गुंडा उजवीकडे, उशिरा सुटला तर आपल्याच माळ्यावर. गोफणीलाही नेमाची खूण नसते. फिरता हात, उडता थवा, आणि शेजारच्या बांधावर काम करणारी माणसं, सगळं ध्यानात ठेवून मारायचं. कामठ्यापेक्षा हे सोपं आहे असं कुणी म्हणत असेल तर त्यानं एकदा माळ्यावर चढावं. तरी पुरुषाच्या कामठ्याला शौर्य म्हणतात आणि बाईच्या गोफणीला राखण.

मध्यंतरी आमच्या गटांच्या बैठकीत खेळाचा विषय निघाला, तेव्हा एक ताई सहज म्हणाल्या, "आदिवासी पोरांचं काय, नेम त्यांच्या रक्तातच असतो." त्या कौतुकानंच म्हणाल्या. पण मला हे कौतुक पटत नाही. रक्तात असतं म्हटलं की मैदान नको, धनुष्य नको, शिकवणारा नको. आणि ज्यांच्या रक्तात नाही त्यांनी प्रयत्नच करायला नको. "बायकांना कुठला नेम" हे वाक्यही त्याच माळेतलं आहे, फक्त दुसऱ्या टोकाचं.

रक्ताचं म्हणाल तर लिंबा राम यांचं उदाहरण घ्या. १९७२ सालचा जन्म, राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या आदिवासी घरातला. लहानपणी बांबूच्या कामठ्यानं रानात चिमण्या, तित्तर मारायचे. १९८७ साली सरकारनं दुर्गम भागात खेळाडू हुडकायला चाचणी घेतली, त्यात ते निवडले गेले. पुढच्याच वर्षी ते सोलच्या ऑलिंपिकमध्ये होते. १९९२ साली आशियाई स्पर्धेत ३० मीटरवर त्यांनी ३६० पैकी ३५८ गुण मिळवून तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. ऐकायला वाटतं, रानातून थेट ऑलिंपिक! पण मधल्या दिवसांचा विचार करा. रानात अंतर दर वेळी वेगळं आणि बाण एकच, चुकला की तित्तर उडालं. मैदानावर अंतर तेच, आणि तोच एक बाण दिवसभरात शेकडो वेळा तसाच्या तसा मारायचा. धनुष्य वेगळं, त्याला वजनं आणि नेमाची खूण लावलेली. हाताची सवय नव्यानं लावून घ्यावी लागते. रानानं त्यांना थांबायला शिकवलं असेल, पण ३५८ गुण सरावानं मिळवले.

दीपिका कुमारीची गोष्ट तर आपलीच आहे. रांचीजवळच्या रातू गावची, जन्म १९९४ चा. वडील रिक्षा चालवायचे. पोर दगड मारून झाडावरचे आंबे पाडायची. मग बांबूचं घरगुती धनुष्य. खरसावांच्या धनुर्विद्या केंद्रात गेली तेव्हा फार बारीक आहे म्हणून घ्यायला तयार नव्हते. तिनं तीन महिने मागून घेतले आणि त्यात करून दाखवलं. २००६ साली जमशेदपूरच्या टाटा अकादमीत गेली, २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोन सुवर्णपदकं, २०१२ साली जगात पहिला नंबर. जिथं जनी शिकारीच्या टोळ्या फिरतात तोच हा रांचीचा भाग. दगड आणि आंबा यांना कुठलाही रिवाज आड येत नाही, म्हणून पोरीचा सराव तिथून सुरू झाला असं मला वाटतं.

आणि आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी! ५ ऑगस्ट २०२३ ला जर्मनीत बर्लिनला तिनं जागतिक स्पर्धेची अंतिम लढत १४९ विरुद्ध १४७ अशी जिंकली. भारताला धनुर्विद्येत वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवून देणारी ती पहिली. वय १७. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं पुरुषांत जिंकलं. १५० पैकी १४९ म्हणजे पंधरा बाणांत फक्त एका बाणाचा एक गुण गेला. ५० मीटरवरून, आठ सेंटिमीटरच्या गोलात. आपल्या बांगडीपेक्षा थोडा मोठा गोल धरा.

आता तुमच्यातली कुणी विचारेल, आमच्या पोरीला शिकवायचं तर काय करायचं? स्पर्धेचं नवं धनुष्य साहित्यासकट लाखाच्या पुढे जातं, ते गटाच्या कर्जातून घ्या असं मी सांगणार नाही. पण आपल्या देशातल्या स्पर्धांत इंडियन राउंड म्हणून एक प्रकार असतो. त्यात बांबूचं, लाकडाचं साधं धनुष्यच वापरायचं असतं. अंतरं ५० आणि ३० मीटर, लहान मुलांना त्याहून कमी. शालेय स्पर्धांतही तो खेळतात. चौकशी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायची किंवा शाळेच्या खेळाच्या सरांकडे. सराव घराजवळ करायचा असेल तर मागे मातीचा उंच बांध किंवा डोंगराचा कडा असावा, समोरून पायवाट जात नसावी, आणि मोठं माणूस सोबत असावं. सगळ्यांचे बाण मारून झाल्याशिवाय कुणीही बाण आणायला पुढे जायचं नाही. हा नियम मोठ्या स्पर्धेतही पाळतात.

पुढे पोर तयार झाली तर ऑलिंपिकच्या धनुष्याचं अंतर ७० मीटर आहे. मधल्या पिवळ्या भागातला दहा गुणांचा गोल १२.२ सेंटिमीटरचा, म्हणजे एका पुरीएवढा. लढतीत एका बाणाला २० सेकंद मिळतात. अंतर, गोल आणि वेळ पुरुषांना आणि बायकांना अगदी सारखे आहेत.